संध्याकाळी सहाचं माप : अर्धांगवायूनंतर घर नव्याने बसवताना

४ मार्च

काम हाती घेतलं तेव्हाची स्थिती : मेंदूच्या उजव्या बाजूला झटका येऊन साडेपाच आठवडे झाले. परवा दवाखान्यातून घरी आणलं. डाव्या हातात हालचाल जवळजवळ नाही. डावा पाय भार घेतो, पण पाऊल उचललं की पंजा लोंबतो. डावीकडचं भान कमी आहे. नजर शाबूत आहे, पण डावीकडेही काही आहे हे मनातच येत नाही. पातळ द्रवाचा ठसका लागतो. नोंदींमध्ये त्यांना काका आणि त्यांचं सगळं पाहणाऱ्या पत्नीला काकू म्हटलं आहे.

आधी माणसाची मापं घेतली, मग घराची. बूट घालून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत ४६ सेंमी. बसल्यावर कमरेची रुंदी ४०. पाठीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत ४८. सरळ उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जमिनीपासून ८२ वर, म्हणजे काठीची मूठ तिथे.

घराची मापं : पलंग ४४ सेंमी. कमोड ४०. बाथरूमचा दरवाजा चौकटीत ७० दिसतो, पण पान उघडं असताना मोकळी जागा ६६ च उरते. हे माप नेहमी उघड्या पानाच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत घ्यायचं. उंबरठा अडीच सेंमी. पुढच्या दाराला तीन पायऱ्या, कठडा एकाच बाजूला.

आता मुख्य गोष्ट. सकाळी ११ वाजता काका खुर्चीतून पहिल्या प्रयत्नात उठले. संध्याकाळी ६ वाजता त्याच खुर्चीतून तीन प्रयत्न करूनही उठता आलं नाही. दवाखान्याच्या कागदावर 'एका माणसाच्या आधाराने उभे राहतात' असं आहे, पण ती तपासणी सकाळची होती. घर मात्र रात्रीही वापरायचं असतं. म्हणून या कामाचा नियम ठरवला : प्रत्येक गोष्ट दोनदा करून बघायची, सकाळी ११ ला आणि संध्याकाळी ६ ला, आणि माप संध्याकाळचं धरायचं.

६ मार्च

पलंग. मोकळा मोजला तर ४४, पण काका कडेवर बसल्यावर गादी दबून ३८ भरतो. फसगत नेहमी इथेच होते, कारण रिकामा पलंग मोजला जातो. गुडघ्याचं माप ४६, त्यामुळे बसल्यावर ४७-४८ हवेत. म्हणजे उठताना मांडीला कमी जोर लागतो आणि टाचाही टेकलेल्या राहतात. चारही पायांखाली १० सेंमीचे ठोकळे दिले. ठोकळ्याला वर खोलगट वाटी हवी आणि पाय तिच्यात निदान ४-५ सेंमी आत बसला पाहिजे. सपाट ठोकळ्यावरून पलंग घसरतो, आणि तोही नेमका माणूस कडेवर बसत असताना.

उतरायची बाजू उजवी ठेवली. चांगल्या कुशीवर वळायला जास्त कष्ट पडतात, कारण लुळी बाजू ओढून आणावी लागते. पण वळून झालं की उजव्या कोपरावर जोर देऊन उठता येतं आणि उजवा पाय आधी जमिनीला लागतो. डावी बाजू भिंतीला टेकवली नाही, तिथे ९० सेंमी जागा सोडली. भेटायला येणाऱ्यांची खुर्ची आणि घड्याळ डावीकडे, तर घंटा, पाणी, चष्मा आणि फोन उजवीकडे. जीवाशी संबंध असलेल्या वस्तू चांगल्या हाताशी ठेवायच्या आणि ज्यांच्यासाठी मान वळवावी असं वाटेल त्या डावीकडे. सगळंच उजवीकडे नेलं तर डावीकडचं जग आणखी मिटत जातं.

उठल्यावर लगेच उभं करायचं नाही. कडेवर पाय टेकवून दोन मिनिटं बसू द्यायचं, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते.

८ मार्च

खांदा. आज मदतीला आलेल्या माणसाने काकांना बसवताना डावा हात धरून ओढला. काम तिथेच थांबवून सगळ्यांना पुन्हा दाखवलं.

लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी नव्हे, नुसत्या बंधांनी लोंबत असतो. वरच्या हाडाखाली बोट दाबलं तर खाच लागते. आज तिथे एक बोट मावलं. अशा हाताला ओढलं किंवा काखेत हात घालून उचललं तर सांधा आणखी खाली ओघळतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. दुखणारा खांदा असला की माणूस व्यायाम टाळतो. त्यामुळे धरायचं ते कमरेच्या पट्ट्याला. पट्टा कपड्यांवरून, चार बोटं आत जातील इतकाच घट्ट. मदत करणाऱ्याने डावीकडे, किंचित मागे उभं राहायचं.

बसलेलं असताना डावा हात उशीवर किंवा खुर्चीच्या फळीवर, कोपर टेकलेलं, बोटं उघडी. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर झोळीत ठेवलेला हात कोपरात आखडतो.

१० मार्च

चाकाची खुर्ची. आणलेल्या खुर्चीची बैठक ५० सेंमी, वर गादी. गादी दबून ३ उरते, म्हणजे ५३. काकांना उजव्या हाताने चाक आणि उजव्या पायाने जमीन ढकलत जायचं आहे, त्यासाठी टाच पूर्ण टेकायला हवी. ती टेकत नाही, म्हणून ते कंबर पुढे सरकवतात, पाठ गोल होते आणि अर्ध्या तासात घसरून अर्धे आडवे होतात. घरच्यांना वाटत होतं की त्यांना नीट बसायचंच नाही. दोष खुर्चीच्या ७ सेंमीचा होता.

या खुर्चीला मागच्या चाकाच्या आसासाठी वरचं भोक आहे. मागचं चाक वरच्या भोकात घेतलं आणि पुढे लहान चाकं लावली, तशी बैठक ४३ वर आली, गादीसह ४६. दोन्ही बदल एकत्रच करावे लागतात, नाहीतर बैठक मागे किंवा पुढे कलते. पुढच्या चाकांचा उभा दांडा शेवटी गुण्याने तपासला. तो काटकोनात नसेल तर चाकं थरथरतात.

बैठकीची रुंदी ४३ (कंबर ४० अधिक ३) आणि खोली ४३ (४८ वजा ५). गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत, नाहीतर तिथे कड रुतते.

१३ मार्च

बाथरूममधल्या आधाराच्या दांड्या. या कामाला पूर्ण दिवस गेला आणि तो द्यायलाच हवा होता.

दांडी कुठे लावायची हे पुस्तकात पाहून ठरवलं नाही. काकांना कमोडवर बसवलं, उजवीकडच्या भिंतीला उभा कागद चिकटवला, आणि उठताना हात आपसूक कुठे जातो तिथे पेन्सिलीने खूण केली. सकाळची खूण ९२ सेंमीवर. संध्याकाळची ८१ वर आणि १४ सेंमी पुढे, कारण थकलेला माणूस उठताना जास्त वाकतो. एका आडव्या दांडीत दोन्ही खुणा बसत नव्हत्या. म्हणून ६० सेंमीची उभी दांडी पुढच्या खुणेवर लावली, ७० पासून १३० पर्यंत, आणि बसल्या जागी रेटा द्यायला एक आडवी. तिरकी लावली नाही, ओला हात तिच्यावरून खाली घसरतो.

दांडीचा व्यास ३२ ते ३८ मिमी. भिंत आणि दांडी यांच्यातली मोकळी जागा ३८ मिमी. ही जागा वाढवायचा मोह होतो, बोटं मोकळी राहतात म्हणून. पण जास्त फटीतून तोल जाताना कोपरापर्यंत हात आत जातो आणि तिथे अडकून हाड मोडतं.

भिंत ठोकून पाहिली तर आत पोकळ ठोकळे निघाले. साधे प्लॅस्टिकचे प्लग अशा भिंतीत धरत नाहीत, ते आत फिरत राहतात. म्हणून जाळीची नळी आणि राळ (भोकात भरल्यावर घट्ट होणारं रसायन) वापरली. क्रम असा : टाइलवर चिकटपट्टीची फुली, ड्रिल टाइलच्या टोकाने सुरू करायचं आणि ठोका बंद. ठोका चालू ठेवला तर टाइल तडकते आणि मागची पोकळ भिंतही फुटते. भोक पडल्यावर फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी. भोकात पीठ राहिलं तर राळ भिंतीला न चिकटता पिठाला चिकटते. जाळीची नळी तळापासून भरत यायचं आणि आटेदार सळई फिरवत आत घालायची. राळ किती वेळात घट्ट होते ते डब्यावर तापमानाप्रमाणे दिलेलं असतं. आम्ही पूर्ण एक दिवस कुणाला हात लावू दिला नाही. स्क्रू आणि नट स्टेनलेस स्टीलचे, कारण साधे असले की सहा महिन्यांत गंज उतरू लागतो.

दुसऱ्या दिवशी दोन धडधाकट माणसांनी दांडीला लोंबकळून पाहिलं. अमेरिकेच्या सुगम्यता मानकात दांडीने साधारण ११३ किलोइतका भार सोसावा अशी अट आहे. तीच धरली.

रबरी चोषकाने चिकटणाऱ्या दांड्या घरात आधीच होत्या, त्या काढून टाकल्या. टाइलच्या सांध्यातून हवा शिरली की त्या न सांगता सुटतात. भिंतीवर त्या दिसत राहिल्या तर एखाद्या रात्री हात तिकडे जाणारच.

कमोडवर पाय कमी-जास्त करता येणारी चौकट बसवली, उंची ४८.

खुर्चीतून कमोडवर जाताना चांगली बाजू कमोडकडे ठेवणं सोपं जातं. पण परत येताना तीच खुर्ची लुळ्या बाजूला येते, आणि बाथरूम अरुंद असल्याने ती दुसरीकडे लावता येत नाही. म्हणून काकांनी उभी दांडी धरून उभं राहायचं, काकूंनी मागची खुर्ची हलवून थेट त्यांच्या मागे आणायची, मग खाली बसायचं. त्यासाठी त्यांना २० सेकंद उभं राहावं लागतं. संध्याकाळी ६ ला ३५ सेकंद उभे राहिले, म्हणजे वेळ पुरतो.

१५ मार्च

दरवाजा. साध्या बिजागऱ्यांच्या जागी पान चौकटीबाहेर नेणाऱ्या बिजागऱ्या लावल्या. मोकळी जागा ६६ वरून ७० झाली, भिंत न फोडता. पान आता बाहेर उघडतं. माणूस आत पडला आणि दार आत उघडणारं असलं तर तोच दाराला अडसर होतो. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं कुलूप बसवलं.

खुर्ची बाहेरून ६३ सेंमी. दोन्हीकडे साडेतीन उरतात, पण डावं कोपर बाहेर लोंबतं आणि चौकटीला आपटतं. काकांना ते कळतही नाही, रात्री काकूंना निळा डाग दिसला तेव्हा कळलं. खुर्चीच्या डाव्या हातावर खोलगट फळी बसवली. डाव्या चौकटीवर जमिनीपासून एक मीटरपर्यंत भडक नारिंगी पट्टी आणि त्यावर फोम.

अडीच सेंमीच्या उंबरठ्याला १:१२ चा उतार म्हणजे ३० सेंमी लांबीची पाचर. बाहेर लाकडाची, आत रबराची. लाकूड पाण्याने फुगतं आणि त्याची कड वर येते.

१८ मार्च

अंघोळ. पाणी तापवण्याच्या टाकीचं तापमान ४९ अंशांच्या वर जाणार नाही असं ठेवलं. अंगावर ३८ ते ४०. डाव्या हाताला गरम-थंड कळत नाही, त्यामुळे पाणी उजव्या हाताने किंवा तापमापीने पाहायचं. थंड नळ आधी उघडायचा, गरम नळ आधी बंद करायचा. फवाऱ्याची नळी दीड मीटर, बटण फवाऱ्यावरच, अडकवायची जागा उजवीकडे आणि बसल्या हाताच्या उंचीवर.

अंग पुसणं हे अंघोळीपेक्षा जास्त थकवणारं काम निघालं. एका हाताने पाठ पुसताना तोल जातो. टॉवेलऐवजी टॉवेलच्या कापडाचा सैल झगा घालून दहा मिनिटं बसू दिलं, तर अंग आपोआप कोरडं होतं. इतक्या लहानशा बदलाने वाचलेली ताकद पुढे कपडे घालायला पुरली.

स्टुलाच्या पायांचे रबर दर महिन्याला उलटे करून पाहायचे. झिजून धातू दिसला की बदलायचे.

२१ मार्च

पिणं. वाचा आणि गिळण्याच्या तज्ज्ञांनी दुसऱ्या पातळीचं घट्ट पाणी सांगितलं आहे (आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत ० ते ७ पातळ्या आहेत). घरी मात्र प्रत्येक जण अंदाजाने पूड घालतो. काकूंचं पाणी आणि मुलाचं पाणी यांत मोठा फरक होता.

मोजायची रीत साधी आहे. १० मिलीच्या सिरिंजमधला दट्ट्या काढायचा. खालचं तोंड बोटाने बंद करून १० पर्यंत भरायचं. बोट काढून बरोबर १० सेकंदांनी पुन्हा बंद करायचं. आत किती उरलं ते वाचायचं : १ ते ४ मिली पहिली पातळी, ४ ते ८ दुसरी, ८ च्या वर उरलं पण थेंब पडतच होते तर तिसरी. सिरिंज कुठलीही चालत नाही. ० ते १० ही लांबी ६१.५ मिमी असलेलीच हवी. घरातली पहिली सिरिंज जाड आणि आखूड निघाली, तिचे आकडे टाकून दिले.

आज ताजं कालवलेलं पाणी ६ मिली, बरोबर. तेच वीस मिनिटांनी ८.८. पूड स्टार्चची आहे, ती ठेवल्यावरही घट्ट होत जाते. उलट काका अर्धं पिऊन ठेवतात आणि तोच चमचा पुन्हा पेल्यात घालतात, तेव्हा लाळेने स्टार्च फुटून पाणी पातळ होतं. दुपारी ठसका लागायचा त्याचं कारण हे. तज्ज्ञांना विचारून डिंकाच्या जातीची पूड घेतली. ती ठेवल्यावर स्थिर राहते आणि लाळेने फुटत नाही. वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं : ६.२.

बाकी नियम : पाठ सरळ, पाय टेकलेले, एका वेळी एकच घोट, मध्ये बोलणं नाही. खाऊन-पिऊन झाल्यावर ३० मिनिटं बसूनच. डाव्या गालात घास साठून राहतो आणि तो तिथे आहे हे त्यांना कळत नाही, म्हणून शेवटी बॅटरीच्या उजेडात गाल पाहायचा आणि तोंड घासायचं. घाणेरड्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तर न्यूमोनियाचा धोका जास्त. प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा झाला तर ठसका न लागताही पाणी चुकीच्या वाटेने गेलेलं असू शकतं. तेव्हा थांबायचं आणि कळवायचं.

२४ मार्च

कपडे. घालताना लुळी बाजू आधी, काढताना शेवटी. पुढून उघडणारे सदरे, बटणांमागे वेल्क्रो, बटण वरून नुसतं शिवलेलं. बुटाला ताणणारी नाडी. पहिल्या दिवशी ३१ मिनिटं लागली, आज १९. काकूंना हात पुढे करू नये यासाठी फार धीर धरावा लागतो. त्यांनी तो धरला.

२८ मार्च

थकवा. आठवडाभर दर तासाला काकांनी स्वतः ० ते १० आकडा दिला. अपेक्षा होती की व्यायामाच्या दिवशी आकडा वर जाईल. तसं झालं नाही. सर्वांत वाईट दिवस म्हणजे २५ तारीख, व्यायाम नाही, पण सकाळी अंघोळ आणि लगेच चार जण भेटायला. दुपारी दीडला आकडा ९, संध्याकाळी पेला हातातून सुटला.

या आजारातला थकवा कष्टाच्या मापाने येत नाही. चार जणांच्या गप्पांतून एकाचं बोलणं वेगळं काढणं, डावीकडे लक्ष देणं, शब्द शोधणं यांत मेंदू पायांपेक्षा जास्त शिणतो. आणि विश्रांती आकडा ८ झाल्यावर दिली तर तासभर लागतो, ५ वर दिली तर २५ मिनिटांत भागतं. म्हणून विश्रांती थकल्यावर नव्हे, घड्याळावर : साडेदहा, दीड आणि साडेचार. खोलीत अंधार, फोन बंद, गाणीही नाहीत.

अंघोळ दुपारच्या विश्रांतीनंतर ढकलली. भेटायला एका वेळी दोघे, २० मिनिटं, काकांच्या डावीकडे बसून. पाहुणे दुखावतील ही काकूंची काळजी खरी आहे, म्हणून दारावर मोठ्या अक्षरांत वेळ लिहून लावली. मग कुणाला तोंडाने सांगावं लागत नाही.

३ एप्रिल

पंजा लोंबू नये यासाठी प्लॅस्टिकची पट्टी आली. बूट अर्धा नंबर मोठा लागतो. पहिल्या दिवशी ३० मिनिटं घालून काढलं आणि कातडी पाहिली. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लाल डाग, अर्ध्या तासानेही गेला नाही. पट्टी करणाऱ्याकडे परत पाठवली, तिथे गरम करून फुगवटा दिला. जिथे संवेदना नाही तिथे जखम दुखून सांगत नाही, रोज डोळ्यांनीच पाहावं लागतं.

७ एप्रिल

घसरणं. संध्याकाळी ६:४०, खुर्चीतून पलंगावर जाताना. उजवा ब्रेक लावलेला, डावा नाही. डावं चाक सरकून खुर्ची उजव्या चाकाभोवती फिरली आणि काका जमिनीवर बसले. काकू पट्टा धरून होत्या, त्यामुळे हळू खाली आले. इजा नाही. तरीही त्यांच्या डॉक्टरांना त्याच संध्याकाळी कळवलं, कारण रक्त पातळ करणारं औषध चालू आहे आणि डोकं आपटलं नाही याची खात्री त्यांनीच करायला हवी.

कारण स्पष्ट आहे : डावा ब्रेक त्यांच्या लेखी नसतोच, आणि थकल्यावर तर अजिबात नसतो. डाव्या ब्रेकला २० सेंमीची नळी घालून दांडा वाढवला, टोकाला नारिंगी पट्टी, म्हणजे तो गुडघ्याच्या वर येऊन दिसतो आणि उजव्या हाताला पोहोचतो. शिवाय मोठ्याने म्हणायचं : "डावा, उजवा, पाय." पाय म्हणजे पायठेवा वर घेतला का. डावा पहिला, कारण विसरला जाणारा तोच.

१२ एप्रिल

औषधं आणि रक्तदाब. आठवड्याच्या खणांचा डबा, झाकण अंगठ्याने वर ढकलायचं. डबा घसरू नये म्हणून त्याखाली रबराची जाळी. पाकिटातून गोळी एका हाताने निघत नाही, म्हणून रविवारी काकू भरतात. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन घ्यायचे नाहीत.

रक्तदाब उजव्या हातावर. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, दोन्ही आकडे वहीत. बोलत बोलत घेतलेला आकडा वर जातो आणि उगीच घबराट होते.

१७ एप्रिल

जेवणाचं ताट. डावं अर्धं तसंच राहतं आणि काका म्हणतात, वाढलंच नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली. पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मग पहिला घास तिथून. हीच पट्टी वाचायच्या पानाच्या डाव्या समासात. ताट फिरवून देणं सोपं आहे, पण रोज दुसऱ्याने फिरवलं तर मान कधीच वळत नाही. ताटाला एका बाजूने उभी कड हवी, म्हणजे चमचा तिथे टेकवून एका हाताने घास भरता येतो.

कापायच्या फळीत खालून दोन स्टेनलेसचे खिळे ठोकून टोकं वर काढली, वस्तू त्यांत रोवायची आणि उजव्या हाताने कापायची. काम नसताना खिळ्यांवर बुचं.

२४ एप्रिल

पुढच्या तीन पायऱ्या. कठडा चढताना उजवीकडे आहे, त्यामुळे "कठडा आहे ना" असं सगळे म्हणत होते. उतरताना तोच डावीकडे, लुळ्या हाताला. एका बाजूच्या कठड्याने माणूस बाहेरून घरात येऊ शकतो, घरातून बाहेर जाऊ शकत नाही.

दुसरा कठडा लावला : ९० सेंमी उंच, खाली आणि वर दोन्हीकडे पायरीच्या पुढे ३० सेंमी वाढवलेला, म्हणजे शेवटचा पाय टाकतानाही हातात काहीतरी असतं. तो पक्का होईपर्यंत चार दिवस उलटं उतरवलं : तोंड घराकडे, जुना कठडा उजव्या हातात, डावा पाय आधी खाली. चढताना उजवा पाय आधी. प्रत्येक पायरीच्या कडेला ५ सेंमीची पिवळी खरखरीत पट्टी.

२ मे

काकांना बोलता बोलता रडू येतं, दुःखाचं काही नसतानाही, आणि लगेच थांबतं. हे मेंदूच्या दुखापतीचं लक्षण असू शकतं. घरच्यांनी विषय बदलावा, समजूत घालत बसू नये. पण दोन आठवडे झोप उडालेली, व्यायामाला नकार, "कशाला जगायचं" असे शब्द, हे वेगळं. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. दोन्हींची नोंद वेगवेगळ्या पानांवर ठेवली आणि डॉक्टरांना दाखवली.

काकू रात्री चारदा उठतात. आठवड्यातल्या दोन रात्री मुलगा त्या खोलीत झोपेल असं ठरलं. दांड्या आणि उतारांइतकंच हेही घराचं काम आहे, कारण काकू पडल्या तर इथलं काहीच उभं राहत नाही.

९ मे

दाराच्या आतल्या बाजूला कागद : चेहरा एका बाजूला ओघळला, हात वर धरवेना, बोलणं अडखळलं, यांतलं एकही अचानक दिसलं तर रुग्णवाहिका. शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ लिहायची. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास लक्षण दिसल्यापासून नव्हे, शेवटचं नीट असल्यापासून मोजतात. तोंडाने काही द्यायचं नाही, गोळीही नाही. खाली औषधांची यादी, त्यात रक्त पातळ करणारं औषध आणि शेवटच्या डोसची वेळ सर्वांत वर.

१६ मे

संध्याकाळी ६ ची फेरतपासणी. खुर्चीतून उठणं : पाचपैकी पाच, दांडी न धरता तीन. बाथरूमला जाऊन येणं : पट्टा धरून, काठीवर, खुर्ची न नेता. डावा ब्रेक : दहापैकी नऊ वेळा न सांगता. कपडे : १४ मिनिटं. ताटाची डावी बाजू : पट्टी असताना पूर्ण, पट्टी काढली की एक तृतीयांश राहते. पट्टी ठेवायची. खांद्याखालची खाच अजून एक बोट, दुखणं नाही.

पाण्याची पातळी आम्ही बदलणार नाही. तज्ज्ञांची तपासणी २० तारखेला आहे, तीही दुपारी चारनंतरची मागून घेतली.

बदलायचं : कमोडवरची चौकट ४८ वरून ४६. बिछान्यापासून बाथरूमपर्यंतच्या आपोआप लागणाऱ्या दिव्यांपैकी मधला दिवा डावीकडे आहे, तो काकांना दिसतच नाही, उजवीकडे घ्यायचा. स्टुलाचे दोन रबर झिजले.

पुढचं माप १६ जून, संध्याकाळी ६.